एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी आणि रविवारचे वैमानिक

वडीगोद्रीच्या फाट्यावर एस. टी.ची वाट पाहत उभे असताना कधीकधी आकाशात उंचावर एक पांढरी रेघ उमटते आणि पाहता पाहता विरून जाते. सोबतची मुले मान वर करून पाहतात. विमानदलात भरती कशी होते, वयाची अट काय, चष्मा चालतो का, हे प्रश्न आपले विद्यार्थी नेहमी विचारतात. परंतु भरती होऊन, शिकून, छातीवर पंखांचे चिन्ह लागल्यावर त्या नव्या वैमानिकाला कोठे पाठवितात, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक त्याचे पुढचे सारे आयुष्य त्या एका नेमणुकीवर ठरत असते. आणि जो मनुष्य नोकरीधंदा सांभाळून देशासाठी विमान चालवू इच्छितो, त्याला कोठे पाठवावयाचे, हा तर त्याहून अवघड प्रश्न. आपल्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. म्हणून हा लेख.

मुखर्जींचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कलकत्त्यास झाला. वडील सतीशचंद्र हे आय. सी. एस. अधिकारी, तर आई चारुलता या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या पहिल्या काही विद्यार्थिनींपैकी एक. आईचे वडील डॉ. प्रसन्नकुमार राय हे त्याच कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य. बहीण रेणुका राय पुढे घटना समितीच्या सभासद झाल्या. अशा घरात पुस्तकांची वाण नव्हती, आणि मुलगा आय. सी. एस. किंवा डॉक्टर झाला असता तर कोणाला नवल वाटले नसते. परंतु नात्यातच इंद्रलाल राय हे नाव होते. पहिल्या महायुद्धात १९१८ च्या जुलैत अवघ्या काही दिवसांत दहा जर्मन विमाने पाडणारा आणि त्याच महिन्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्वतः कामी आलेला हा बंगाली तरुण. घरात त्याची आठवण निघत असलीच पाहिजे.

त्या काळी हिंदी माणसाला लढाऊ विमान चालविण्याची मुभाच नव्हती म्हटले तरी चालेल. महायुद्धात चार-दोन हिंदी तरुणांनी ब्रिटिश दलातून उड्डाणे केली, त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते आणि तेही १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेले. पण युद्ध संपले तसे ते दारही बंद झाले. पुढे स्कीन समितीने शिफारस केली, कायदेमंडळात वाद झाले आणि अखेर क्रॅनवेल येथील ब्रिटिश विमानदलाच्या महाविद्यालयात काही हिंदी तरुण घेण्याचे ठरले. मुखर्जी त्या पहिल्या सहांतले. हरिश्चंद्र सरकार, भूपेंद्रसिंग, ऐजाद बक्ष अवान, अमरजितसिंग आणि टंडन हे इतर पाच. पैकी टंडन यांना उड्डाणाऐवजी सामानसुमानाचा विभाग मिळाला. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी या तरुणांना अधिकारपदे मिळाली आणि त्याच दिवशी भारतीय हवाई दल कागदोपत्री अस्तित्वात आले.

आता या पाच नव्या वैमानिकांना पाठवावयाचे कोठे? ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये त्यांना कायमची जागा देण्याची सरकारची तयारी नव्हती. गोऱ्या शिपायांनी हिंदी अधिकाऱ्याचा हुकूम मानावा, ही कल्पनाच तेव्हाच्या राज्यकर्त्यांना झेपणारी नव्हती. म्हणून त्यांच्यासाठी निराळे दल, आणि त्या दलात जागा एकच : कराचीजवळील ड्रिग रोड येथील पहिल्या स्क्वाड्रनची ‘ए’ फ्लाइट. १ एप्रिल १९३३ रोजी ती उभी राहिली. चार वापिती विमाने, प्रमुख म्हणून बाउशिये नावाचा इंग्रज अधिकारी, हाताशी एकोणीस हवाई सिपाही. चार विमानांचे हवाई दल! आज हसू येते. परंतु या चार विमानांवर साऱ्या देशाची परीक्षा होणार होती. हिंदी माणसाला उडता येत नाही असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि एकेक अपघात त्यांच्या पथ्यावर पडणार होता.

तो अपघात लवकरच झाला. सप्टेंबर १९३३ मध्ये भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग एकाच विमानात मृत्युमुखी पडले. पाचांतले दोन पहिल्याच वर्षी गेले. मुखर्जी तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी उड्डाण सोडले नाही एवढे सांगून चरित्रकार पुढे जातात. मला मात्र तेथे थांबावेसे वाटते. ज्या ठिकाणी मोजून पाच माणसे एकत्र जेवत, तेथे दोन खुर्च्या रिकाम्या झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जातीच्या विमानात जाऊन बसणे, याला काय लागत असेल?

नंतरची वर्षे वायव्य सरहद्दीवर गेली. वझिरीस्तानच्या डोंगरांत टोळीवाल्यांशी सरकारचे युद्ध चालू होते आणि जुन्या वापिती विमानांना सैन्यासाठी टेहळणी करावी लागे. हे युद्ध साम्राज्याचे होते हे विसरून चालणार नाही. देशातले समवयस्क तुरुंगात जात असताना मुखर्जी राजाच्या गणवेषात उडत होते. परंतु उद्या देश स्वतंत्र झाला तर विमाने चालविणार कोण, याचे उत्तरही तेथेच तयार होत होते. सरहद्दीवरचा त्यांचा एक प्रसंग हवाई दलात आजही सांगतात. टोळीवाल्यांनी वेढलेल्या एका चौकीतला दारूगोळा संपत आला होता. मुखर्जी आणि त्यांचे बंदूकधारी कर्तारसिंग यांनी आपल्याच विमानातील बंदुकीच्या गोळ्या काढल्या आणि अगदी खालून उडत त्या चौकीतल्या जवानांकडे टाकल्या.

मार्च १९३९ मध्ये ते पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. स्क्वाड्रनची सूत्रे हिंदी माणसाच्या हाती येण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी त्यांचा विवाह शारदा पंडित यांच्याशी झाला. आपल्या वाचकांना याचे विशेष अगत्य वाटावे, कारण पंडित घराणे मूळचे कोकणातले, जरी राजकोटला स्थिरावलेले. राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतर करणारे रणजित पंडित, म्हणजे विजयालक्ष्मींचे पती, हे शारदाबाईंचे काका. बंगाली सुब्रतो असे महाराष्ट्राचे जावई झाले.

युद्ध सुरू झाले तेव्हा हवाई दलात सोळा अधिकारी आणि दीडशेच्या आत जवान होते. इतका मोठा किनारा, एवढी बंदरे, आणि विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सरकारने मग राखीव दलाची वाट धरली. भारतीय हवाई दलाचे स्वयंसेवक राखीव दल निघाले आणि मुंबई, दिल्ली, मद्रास, कलकत्ता येथील फ्लाइंग क्लबांत हौसेने विमान चालविणाऱ्या तरुणांना त्यात बोलावण्यात आले. कालपर्यंत जे रविवारी मौजेने उडत, ते आज गणवेषात आले. त्यांतले चोवीस जण १९४० मध्ये थेट इंग्लंडला गेले आणि तेथल्या स्क्वाड्रनांतून लढले. मागे राहिले त्यांतील बऱ्याच जणांच्या नशिबी किनारा आला.

मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची, कोचीन आणि नंतर विशाखापट्टण येथे किनारा संरक्षणाच्या फ्लाइट उभारल्या गेल्या. मुंबईची फ्लाइट जुहूला होती. विमाने म्हणजे नियमित दलाने वापरून जुनी केलेली वापिती, आणि नागरी कंपन्यांकडून ताब्यात घेतलेली प्रवासी विमाने. काम कंटाळवाणे : समुद्रावर मैलोन् मैल जायचे, जहाजांच्या काफिल्याला सोबत करायची, पाणबुडी दिसते का पाहायचे आणि परत यायचे. एक इंजिन बंद पडले तर खाली पाणीच. वर्तमानपत्रांत नाव यायचे ते ब्रह्मदेशात लढणाऱ्यांचे, किनारा राखणाऱ्याचे नव्हे. तरीही एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार बंगालच्या उपसागरात शिरले आणि विशाखापट्टण, काकीनाडा येथे बाँब पडले, तेव्हा त्या समुद्रावर पाळत ठेवण्यास आपल्याकडे होते ते हेच राखीव दलाचे लोक आणि हीच मोडकी विमाने. १९४२ च्या अखेरीस या फ्लाइट मोडल्या आणि तेथील माणसे नव्याने उभ्या राहणाऱ्या स्क्वाड्रनांत गेली. राखीव म्हणून आलेली माणसेच नियमित दलाचा कणा झाली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. मुंबईचे हृषीकेश मूळगावकर याच धामधुमीत, १९४० मध्ये, दलात आले. काश्मीरच्या युद्धात त्यांनी महावीरचक्र मिळविले आणि १९७६ मध्ये ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

या काळात मुखर्जींचे काम मुख्यतः माणसे घडविण्याचे होते. क्वेट्टा येथील स्टाफ कॉलेज करून आल्यावर ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांना कोहाटच्या विमानतळाचे प्रमुख नेमण्यात आले. संपूर्ण विमानतळ, गोऱ्या-काळ्या सर्व माणसांसह, एका हिंदी अधिकाऱ्याच्या हाती आला. दहा वर्षांपूर्वी जी गोष्ट अशक्य म्हणून पाच तरुणांना एका कोपऱ्यातल्या फ्लाइटमध्ये पाठविले, ती त्यांतल्याच एकाने करून दाखविली. पुढे मुख्यालयात ते उड्डाण प्रशिक्षणाचे संचालक झाले. म्हणजे नव्या वैमानिकांना शिकवायचे कसे, हा प्रश्न आता त्यांच्याच टेबलावर आला.

फाळणीने दल दुभंगले. विमाने वाटली गेली, तळ वाटले गेले, माणसे वाटली गेली. ड्रिग रोड, पेशावर, कोहाट, म्हणजे जेथे मुखर्जींचे तारुण्य गेले ती सगळी ठिकाणे परदेशात गेली. दोन-अडीच महिन्यांत काश्मीरचा प्रश्न उभा राहिला आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डकोटा विमानांतून फौज श्रीनगरला उतरली. आपल्या मराठवाड्याच्या दृष्टीने त्याहून जवळची गोष्ट पुढल्या वर्षीची. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या हैदराबाद कारवाईत फौजेच्या डोक्यावर हवाई दलाची विमाने होती. तेव्हा आपला भाग निजामाकडे होता आणि जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. दलाच्या सर्वोच्च भारतीय अधिकाऱ्याचे नाव सुब्रतो मुखर्जी आहे, हे येथे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

सर्वोच्च भारतीय अधिकारी, पण प्रमुख नव्हे. स्वातंत्र्यानंतर सुमारे साडेसहा वर्षे एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन आणि गिब्ज असे तीन इंग्रज प्रमुख होऊन गेले. लष्कराला करिअप्पांच्या रूपाने १९४९ मध्ये भारतीय प्रमुख मिळाला. हवाई दलाला नाही. ही मुखर्जींची उपेक्षा झाली असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु स्वातंत्र्याच्या वेळी दलातल्या भारतीय अधिकाऱ्यांपैकी कोणाचीही नोकरी पंधरा वर्षांची झालेली नव्हती. मोठ्या दलाचा कारभार कोणी चालविलाच नव्हता. शिवाय हवाई दल लष्कराच्या पंखाखाली न जाता स्वतंत्र राहिले, याचे पुष्कळसे श्रेय एल्महर्स्ट यांच्या आग्रहाला आहे. मुखर्जी या काळात दुसऱ्या क्रमांकावर राहून काम शिकत होते. माझ्या मते, मोठेपणाची घाई नसणे हा त्यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला गेलेला गुण होय.

१ एप्रिल १९५४ रोजी, ‘ए’ फ्लाइट उभी राहिली त्याला बरोबर एकवीस वर्षे झाली त्या दिवशी, ते हवाई दलाचे प्रमुख झाले. वय त्रेचाळीस.

त्याआधी दोन वर्षे, १९५२ मध्ये, संसदेने राखीव आणि सहायक हवाई दलांचा कायदा केला होता. मुखर्जींच्या कारकिर्दीत त्याला प्रत्यक्ष रूप आले. कायद्याचे तीन भाग समजून घेतले पाहिजेत, नाहीतर राखीव म्हणजे काय याचा आपल्याकडे नेहमी गोंधळ होतो. पहिला भाग नियमित राखीव दलाचा. यात नोकरी पुरी करून बाहेर पडलेले वायुसैनिक येतात. ते घरी असतात, पण त्यांचे नाव यादीत असते आणि हाक आली की त्यांना जावे लागते. दुसरा हवाई संरक्षण राखीव दलाचा. यात कधीही गणवेष न घातलेले लोक येतात : नागरी वैमानिक, दिशादर्शक, विमानाचे अभियंते वगैरे. ज्यांच्या हाती ही विद्या आहे त्यांनी सरकारदरबारी नाव नोंदवावे, म्हणजे प्रसंग पडला तर बोलावता येईल. तिसरा भाग सहायक हवाई दलाचा, आणि खरी गंमत येथे आहे.

सहायक दलाची स्क्वाड्रन शहराच्या वा राज्याच्या नावाने ओळखली जाई. ५१ क्रमांकाची दिल्लीची, ५२ मुंबईची, ५३ मद्रासची. पुढे बंगाल, ओरिसा वगैरे राज्यांच्या निघाल्या. नियमित वैमानिकाची नेमणूक आणि याची नेमणूक यांत मूळचाच फरक आहे. नियमित वैमानिक शिकून तयार झाला की त्याचे उड्डाणातले गुण, शिक्षकांचे मत आणि कोठे किती जागा रिकाम्या आहेत हे पाहून त्याला लढाऊ, वाहतूक अथवा हेलिकॉप्टरच्या शाखेत घालतात आणि तेजपूरपासून जामनगरपर्यंत कोठेही धाडतात. त्याच्या गावाचा विचार करण्याचे कारण नसते. सहायक दलाच्या वैमानिकाचे मात्र गावावरूनच ठरते. तो सोमवार ते शनिवार आपल्या कचेरीत, दुकानात किंवा कॉलेजात असतो. सुटीच्या दिवशी तासाभरात पोहोचता येईल अशा तळावरच त्याला विमान मिळाले पाहिजे. म्हणून आधी शहर, मग स्क्वाड्रन, मग तेथे जे विमान असेल ते, असा उलटा क्रम. शिकवायला नियमित दलाचे मोजके अधिकारी, उडायला एचटी-२ आणि हार्वर्ड यांसारखी प्रशिक्षणाची विमाने. एचटी-२ हे बंगलोरला आपल्याच लोकांनी बनविलेले, १९५१ मध्ये प्रथम उडालेले. आणि बोलावणे येऊन माणूस गेला तर परतल्यावर त्याची नोकरी त्याला मिळाली पाहिजे, अशीही तरतूद कायद्यात होती. कागदावर ही तरतूद छोटी दिसते. पण घरात एकटा मिळवता असलेल्या माणसाला तीच सर्वांत मोठी.

अमेरिकेत ही पद्धत फार पुढे गेली. तेथे हवाई राखीव दल आहे आणि प्रत्येक राज्याचे वेगळे रक्षक दलही आहे. तेथली तुकडी उमेदवाराला स्वतः मुलाखत घेऊन निवडते, वैमानिक होण्यास सरकारी शाळेत पाठविते आणि वर्षा-दीड वर्षाने तो परत त्याच तुकडीत, तिच्याच विमानावर येतो. नियमित दलातल्या मुलाला आपल्याला कोणते विमान मिळेल हे शिक्षण संपेपर्यंत कळत नाही. रक्षक दलातल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. आपल्याकडे एक आणखी प्रकार लोक राखीव समजतात, तो मानद पदाचा. जे. आर. डी. टाटांना असे पद होते, २०१० मध्ये सचिन तेंडुलकरला ग्रुप कॅप्टनचे पद मिळाले. तो गौरव होय, नेमणूक नव्हे.

परंतु आपल्या सहायक दलाची वेळ चुकली असे म्हणावे लागते. मुखर्जींच्याच कारकिर्दीत, १९५७-५८ या दोन वर्षांत, मिस्तेअर, हंटर, कॅनबेरा आणि नॅट ही जेट विमाने दलात आली. वापितीतून आयुष्य सुरू केलेल्या या माणसाने सहा वर्षांत दलाला जेट युगात आणून सोडले, ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी. पण तिच्यामुळेच रविवारच्या वैमानिकाचे काम कठीण झाले. हार्वर्ड आठवड्यातून एकदा चालवून हात राखता येतो, हंटर नाही. ज्या ब्रिटनच्या नमुन्यावर आपण हे दल उभारले, त्या ब्रिटनने मार्च १९५७ मध्ये आपल्या सहायक स्क्वाड्रनांची उड्डाणे बंदच केली, आणि तीही १९४० च्या लढाईत त्यांनी लंडनवर मर्दुमकी गाजविलेली असताना. आपण सुरू करीत होतो, ते बंद करीत होते. तरी मुखर्जींच्या काळात हा प्रयोग चालू राहिला हे योग्यच झाले असे मला वाटते. क्रॅनवेलसारख्या शाळेत न गेलेल्या, नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला आकाशाचे दार थोडे तरी उघडे राहिले.

मुखर्जींचा स्वभाव मृदू, आवाज चढविण्याची सवय नाही, आणि फुटबॉलचे वेड मात्र अस्सल बंगाली. मोहन बागान हा त्यांचा संघ. शाळकरी मुलांची अखिल भारतीय फुटबॉल स्पर्धा असावी ही कल्पना त्यांची. ती १९६० मध्ये सुरू झाली. आज ती सुब्रतो चषक म्हणूनच ओळखली जाते आणि ज्या मुलांना विमानदलाचा गंध नाही त्यांच्याही तोंडी त्यांचे नाव असते.

नोव्हेंबर १९६० मध्ये ते एअर इंडियाच्या विमानाने टोकियोस गेले. ८ तारखेस आरमारातील एका स्नेह्याबरोबर उपाहारगृहात जेवत असताना घास श्वासनलिकेत अडकला आणि डॉक्टर येण्यापूर्वीच प्राण गेला. सरहद्दीवरच्या गोळ्या, जुनी इंजिने, धुके, डोंगर या सर्वांतून सुखरूप बाहेर आलेला माणूस जेवणाच्या टेबलावर गेला. वय एकोणपन्नास. दिल्लीत लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले आणि आकाशातून एकोणपन्नास विमानांनी मानवंदना दिली, त्यांच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षासाठी एक. १ डिसेंबरला अस्पी इंजिनियर दलाचे प्रमुख झाले. शारदाबाई १९६२ मध्ये रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आल्या, पुन्हा १९६७ मध्येही, आणि पुढे आंध्र व गुजरातच्या राज्यपाल झाल्या.

सहायक स्क्वाड्रन मात्र फार काळ टिकल्या नाहीत. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर दल झपाट्याने वाढू लागले, पूर्ण वेळेची माणसे हवी होती, आणि एकेक करीत त्या नियमित दलात मिसळल्या अथवा बंद झाल्या. त्यांतला मुंबईचा ५२ हा क्रमांक आज सूर्यकिरण या कसरतींच्या पथकाकडे आहे. त्या पथकाचा तळ बीदरला आहे, आपल्याच जुन्या हैदराबाद राज्यात.